बीएमएस सीईटीसाठी रोज 30 शब्द घोकून घेणं थांबवा

परळची आई: मुलगी मराठी मीडियमची, बारावी कॉमर्स. 2024 पासून बीएमएस-बीबीए या मॅनेजमेंटच्या डिग्रीलाही सीईटी, म्हणजे प्रवेश परीक्षा आली, 100 प्रश्न, 90 मिनिटं, त्यातले 40 इंग्लिशचे, म्हणून क्लासने यादी हातात दिली आणि रोज 30 शब्द पाठ करा म्हणाले. पोरगी रात्री बारापर्यंत घोकते, सकाळी निम्मे गायब. परवा निबंधात लिहिलं, आमचे मुख्याध्यापक नोटोरियस आहेत. यादीत नोटोरियसपुढे नुसतं 'फेमस' लिहिलेलं, कुख्यात हा अर्थ कोणी सांगितलाच नाही. रडवेली झाली होती. माझं मत, यादी ठेवून द्या आणि रोज इंग्लिश पेपरातला एक लेख वाचायला लावा.

कल्याणकर: ताई, नाही पटलं. मीपण मराठी मीडियमचाच. लेख घेतला की तिसऱ्या ओळीत अडायचो, एका ओळीत चार शब्द अनोळखी असतील तर माणूस वाचणार काय? ज्यांच्या घरात लहानपणापासून इंग्लिश पुस्तकं आहेत त्यांना 'वाचत राहा' हे चालतं. आपल्या पोरांकडे तीन-चार महिने असतात, आधी खिशात शब्द हवेत.

परळची आई: पण दादा, शब्द एकटा कुठे असतो? लोन सँक्शन झालं म्हणजे मंजूर, आणि एका देशाने दुसऱ्यावर सँक्शन्स लावले म्हणजे निर्बंध. यादीत एकच अर्थ असतो, आणि पॅसेजमध्ये नेमका दुसरा आला तर?

दादरला शिकवणारा: मी यादीच्या बाजूने, फक्त रोज 10. कार्डावर लिहायचे, दुसऱ्या दिवशी, तीन दिवसांनी, मग आठवड्याने परत बघायचे. पाठ केलेलं किती झपाट्याने विसरतं ते एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने 1885 मध्येच स्वतःवर प्रयोग करून दाखवलंय. आणि मराठी पोरांना घरचा आधार आहे तो कोणी वापरत नाही, दंत-डेंटल, मृत-मॉर्टल, मातृ-मटर्नल, नव-नोव्हिस. संस्कृत आणि लॅटिन एकाच कुळातल्या, त्यामुळे मुळं धरली की शब्द उलगडतो.

कल्याणकर: सर, मुळांनीच माझा घात केला. इन म्हणजे 'नाही' असं शिकलेलो, मॉक टेस्टला इनफ्लेमेबल आला, मी बिनधास्त 'न पेटणारा' टिक केलं. अर्थ एकदम उलटा, चटकन पेट घेणारा. घरी जाताना शीळफाट्याला टँकरच्या मागे तोच शब्द लाल अक्षरात दिसला, तेव्हा कळलं.

परळची आई: बघा ना, तो शब्द आता तुम्ही जन्मात विसरणार नाही, कारण तो टँकरला चिकटलाय. मला पोरीसाठी तेवढंच हवंय. सरांची 10 कार्डं मान्य, पण प्रत्येक कार्डावर तिने स्वतः कुठेतरी वाचलेलं वाक्य पाहिजे, नुसता अर्थ लिहिलेलं कार्ड मी डब्यात टाकू देणार नाही.

कल्याणकर: वाक्याचं मान्य. पण 10 ने भागणार नाही ताई, 20 तरी करा, परीक्षा तोंडावर आलीय.