घरी करून बघितलेलं पहिलंवहिलं: कंदील, मखर, किल्ला, काहीही. तुमचे अनुभव टाका

कडीपत्ता
परवा खालच्या मजल्यावरच्या पोराने ऑनलाईन मागवलेला आकाशकंदील जोडला. लेझरने कापलेल्या पट्ट्या, प्रत्येकीवर नंबर, खाचेत खाच बसवली की झालं. आईने जेवायला हाक मारायच्या आत कंदील तयार, डिंकाचा एक थेंब न सांडता. छान दिसत होता हां, नावं नाही ठेवत, पण मला एकदम आमच्या सांगलीच्या घरातलं दिवाळीआधीचं रणकंदन आठवलं. बाबा बुरुडाकडून बांबू आणायचे, कोयत्याने चिरून कामट्या काढायच्या, मग काचेच्या तुकड्याने तासायच्या म्हणजे हातात कुसळ जात नाही. चौकोन बांधला की दोन्ही कर्ण दोऱ्याने मोजायचे, दोरा सारखा भरला तर काटकोन, नाहीतर सोड परत. शाळेत कर्ण शिकायच्या कितीतरी आधी मला तो असा माहीत होता. आई खळ शिजवायची, मैदा आणि चिमूटभर मोरचूद, म्हणजे झुरळं कागद कुरतडत नाहीत. निळसर दिसायची ती खळ आणि विषारी म्हणून ते पातेलं वेगळंच, कुणी त्या पातेल्याला हात लावला की आधी मोरीत पिटाळायची. मोठ्यांनी बांधायचं आणि आम्ही फक्त शेपट्या कापायच्या, त्यामुळे अख्खा कंदील मी कधी केलेलाच नाही. यंदा करणार आहे. नवरा म्हणतो विकत आण आणि झोप.
तर तुम्ही पहिल्यांदा घरी काय करायला गेलात आणि काय झालं ते लिहा. फोटो नसले तरी चालतील, फसलेलं तर आधी लिहा.

पावशेर
मोरचूद!! आमच्याकडे एवढे लाड नव्हते, शिळ्या भाताची शितं अंगठ्याने चिरडून लावायची. मुंग्या यायच्या. पण कंदील तुळशीच्या लग्नापर्यंत टिकला की बास असायचा ना.

कल्याण_स्लो
मखराचं सांगतो. 2018 ला थर्माकोल बंद झाला तेव्हाचं. मार्चमधे अधिसूचना, 23 जूनपासून दंड, थर्माकोलवाले कोर्टात गेले तिथेही सूट मिळाली नाही आणि गणपती 13 सप्टेंबरला. आमच्या माळ्यावर सिंहासन, कमान, खांब सगळं थर्माकोलचं, दरवर्षी धूळ झटकून तेच लावायचो. घरचे सगळे माझ्याकडे बघायला लागले, का तर हा इंजिनिअर. अरे सॉफ्टवेअरचा आहे मी!! तरी किराणावाल्याकडून तेलाच्या पाकिटांचे खोके आणले, कापले. खांब मस्त झाले, कमान मात्र पहिल्याच दिवशी संध्याकाळच्या आरतीला भिजलेल्या पापडासारखी खाली यायला लागली. बाहेर पाऊस, आत एवढी माणसं, समया, दमट हवा सगळी पुठ्ठ्याने ओढून घेतली. शेजारचे काका, छापखान्यातून रिटायर झालेले, पुठ्ठा बोटाने दाबून म्हणाले नळ्या आडव्या कापल्यास की रे. खोक्याच्या पुठ्ठ्यात आत नागमोडी कागद असतो, त्याच्या नळ्या ज्या दिशेने जातात त्या बाजूने तो ताठ, दुसऱ्या बाजूने दुमडतो. मग दोन थर केले, एकाच्या नळ्या उभ्या, दुसऱ्याच्या आडव्या, मधे फेविकॉल आणि वर रात्रभर गव्हाचा डबा. ती कमान अजून वापरतोय. काका दरवर्षी तपासणीला येतात, बोटाने दाबतात, मोदक खातात, जातात.

भरतीओहोटी
तुमचा मखर शहरातला, आमच्याकडे माटवीशिवाय गणपती बसत नाय. मी ठाण्याची, लग्न होऊन मालवणला आले आणि पहिल्याच चवथीला माटवी बांधायच्या कामावर लावलं. गणपतीच्या डोक्यावर लाकडी चौकट टांगायची आणि त्याला आंब्याचे टाळे, नारळ, सुपारीचं शिपटं, कवंडळ, हरणं, तोरिंजन असं सगळं रानातलं बांधायचं. मी हौसेने तिरंगी सॅटिन रिबीन आणली होती. चुलत सासऱ्यांनी रिबीन वर धरून बघितली आणि फक्त "ह्या काय गो?" एवढंच म्हणाले. बांधायला केवणीची साल, भिजवून तिच्या पट्ट्या काढायच्या, ती वाळली की गाठ आवळत जाते. जड वस्तू मधल्या पट्टीला, हलकं कडेला, नाहीतर चौकट एका अंगाला कलते. नारळ बांधून झाला की सासरे त्याला दोन्ही हातांनी लोंबकळून बघायचे. गोव्यात याला माटोळी म्हणतात आणि तिथे सरकारी कला आणि संस्कृती खात्याची स्पर्धा असते, त्यात लोक शेकडो प्रकारची फळंपानं लावतात, बघूनच दमायला होतं.

पावशेर
नारळ सुटून मूर्तीवर पडला तर??

भरतीओहोटी
@पावशेर आमचो अजून पडाक नाय.

उणे_वीस
मिनेसोटातून. इथे डॉलरवाल्या दुकानातून फोमबोर्ड आणून मंदिर केलं, कापायला लोण्यासारखं... म्हणजे खूपच सोपं. कळस, घुमट, जाळी, सगळं आठवडाभर ऑफिसनंतर बसून केलं. शेवटच्या रात्री गराजमधे सोनेरी स्प्रे मारला. कागद होता तिथे झकास आणि जिथे कापलेल्या कडा उघड्या होत्या तिथून आतला फोम चरचरत गायब. सकाळी मुलगी म्हणते बाबा, हे हंपी आहे का. ठेवलं तसंच. येणाऱ्या सगळ्यांना सांगितलं भग्न मंदिराची थीम आहे, दोघांनी तर पुढच्या वर्षी आम्हालाही करून द्या म्हणून सांगितलं.

रसायनवाली
@उणे_वीस फोमबोर्ड म्हणजे दोन कागदांमधे दाबलेला पॉलिस्टायरिन फोम, आपल्या थर्माकोलचाच भाऊ. स्प्रेच्या डब्यात रंग पातळ ठेवायला ॲसिटोनसारखे द्रावक असतात, त्यात तो विरघळतो. चपला चिकटवायचा पिवळा गम लावलात तरी तेच. आधी ब्रशने पाण्यातला ॲक्रिलिक किंवा पातळ फेविकॉलचा हात कडांना द्यायचा, पूर्ण वाळू द्यायचा, मग लांबून हलका स्प्रे. आणि गराजचं दार उघडं ठेवून हो. हंपी भारी :)

कडीपत्ता
हंपी!! हसून हसून पोळी करपली इकडे. बरं ग्लू गन घेऊ का? बारीक कांडीची का जाड?

खटपट_केंद्र
7 मिमीची कांडी लागणारी छोटी गन घ्या, कंदिलाला पुष्कळ झाली. 11 ची मोठी, सुतारकामासारख्याला बरी. पण बांबूला दोराच बांधा, गम नुसता मदतीला. आणि खाली लाकडी फळी घ्या, आमच्याकडे सनमायकाच्या डायनिंग टेबलवर गमचा डोंगर आहे, त्यावर टेबलमॅट असतो, पाहुणे उचलून बघतातच. कागद पतंगी घेणार असाल तर एक युक्ती, कॉलेजात एरोमॉडेलिंग करायचो तेव्हाची: कागद कडांना चिकटवून वाळला की वर पाण्याचा अगदी बारीक फवारा मारायचा. आधी सगळा ढिला पडतो आणि आपण घाबरतो, मग वाळताना ताणला जातो आणि टिचकी मारली की टणटण वाजतो. आधी तुकड्यावर बघा, काही कागदांचा रंग सुटतो. बल्ब एलईडीच, जुना 60 वॅटचा लावून कागद तपकिरी करून घेऊ नका.

आत्याबाई
मी हलव्याच्या दागिन्यांचं लिहिते, धाग्यात बसतंय का माहीत नाही. सुनेची पहिली संक्रांत, काळी साडी आली, दागिने म्हटलं घरी करू, त्यात काय. हलवा सुद्धा घरीच. खसखस परातीत, मंद आच, चमचाभर पाक, बोटांनी हलवत राहायचं, परत पाक, परत हलवायचं. काटा येतो तो कोरड्या थंडीत, नाशकात असताना आईचा यायचा तसा इथे ठाण्यात यायला तयार नाही, गुळगुळीत गोळ्या. शेवटी जावेने नाशिकहून डबा पाठवला. दाण्यातून सुई घालायला गेलं की दाणा फुटतो, म्हणून तो दोऱ्याच्या फासात धरायचा आणि मग पुठ्ठ्यावर सोनेरी कागद लावून त्यावर पक्का करायचा. बांगड्या, तोडे, हार झाला, मुकुट राहिला. रात्री दागिने झाकून ठेवले तर सकाळी हारावर मुंग्यांची वरात. सून हुशार, तिने पाण्याच्या ताटात पाट ठेवून वर डबा ठेवला, मुंग्या पलीकडेच अडकल्या. फोटोत हार जरा तुटका दिसतो पण तिळगूळ वाटेपर्यंत टिकला. तिने नंतर हाराचे दाणे खाल्ले, मी म्हटलं अगं गम आहे त्याला!

पावशेर
आत्याबाई मुकुटाचं काय झालं

आत्याबाई
राहिलाच. नातवाच्या बोरन्हाणाला करीन म्हणतेय, आधी नातू येऊ दे.

शनिवारपेठी
किल्ला कोणी लिहिला नाही?? दिवाळी आली की पुण्यात पोरं चिखलात दिसायला हवीत. माझा मुलगा सात वर्षाचा, त्याच्या निमित्ताने मीच केला, माझ्या लहानपणी आमच्या वाड्यात मोठी मुलं हात लावू द्यायची नाहीत. विटा रचल्या, वर ओलं गोणपाट, त्यावर चाळलेल्या लाल मातीचा चिखल थापला. गवतासाठी सगळे मोहरी पेरतात ती उतारावरून घरंगळते. अळीव घ्या. भिजला की त्याला चिकट बुळबुळीत आवरण येतं, थेट उभ्या कड्यावर थापलात तरी जागचा हलत नाही आणि तीनचार दिवसात हिरवं. मावळे कसब्यातल्या कुंभारवाड्यातून आणले आणि घरी आल्यावर लक्षात आलं की एकेक मावळा महादरवाज्याच्या दुप्पट आहे. मुलगा म्हणाला, मग ते वरून उडी मारून जातात. महाराज सिंहासनासकट सगळ्यात लहान, कारण ते वेगळ्या दुकानातले. आणि सोसायटीच्या चेअरमनचं मांजर, रोज दुपारी बालेकिल्ल्यावर. शेवटी पाटीवर लिहिलं, शत्रू.

कडीपत्ता
चेअरमननी पाटी वाचली का?

शनिवारपेठी
वाचली. त्यांना वाटलं आपल्यालाच.

एक_कोथरूडकर
शाडूच्या वर्कशॉपला गेलो होतो ऑफिसतर्फे. शिकवणाऱ्या बाई वारंवार सांगत होत्या सोंडेत काडी घालू नका. सोंड गळून पडत होती म्हणून आमच्या टीम लीडने टूथपिक घातलीच. माती वाळताना आकसते, काडी आकसत नाही, सोंडेला उभी चीर. पंख्याखाली वाळवलेल्या सगळ्यांच्या पोटाला पण भेगा, सावलीत सावकाश वाळवायची असते. बाईंनी त्याच मातीचा पातळ गारा करून बोटाने भरून दिल्या. आता टीम लीडची मूर्ती इतरांपेक्षा चांगली दिसते आणि अप्रेझलमधे मला कमी मिळाले, संबंध नसेल.
बाकी घरची पीओपीची मूर्ती असेल तर पुणे पालिका अमोनियम बायकार्बोनेट वाटते, एनसीएलवाल्यांची (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा) पद्धत आहे, बादलीत मूर्ती विरघळवायची.

रसायनवाली
हो आणि तो खायचा सोडा नव्हे बरं, गल्लत करतात लोक. हा बेकरीत वापरतात तो. वास येतो, बादली बाल्कनीतच ठेवा. खाली चुनखडीचा गाळ बसतो, वरच्या पाण्यात अमोनियम सल्फेट असतं, पातळ करून झाडांना चालतं.

गेरूवाली
वारली करणाऱ्यांनो ऐका. भाड्याचा फ्लॅट, हॉलची मोठी भिंत, लॉकडाऊन. गेरू पाण्यात कालवून लावला, दिसतो फार सुंदर पण नुसता पाण्यातला असेल तर जो टेकेल त्याची पाठ लाल, फेविकॉल नाहीतर डिंक घालायलाच हवा. पांढरा रंग पारंपरिक तांदळाच्या पिठाचा, मी केला, झुरळांनी रात्रीत दोन बायका आणि एक बैलगाडी खाल्ली. (कडीपत्ता, तुझ्या आईचं मोरचूद इथे हवं होतं!) मग ॲक्रिलिक. माणूस सोपा वाटतो, दोन त्रिकोण टोकाला टोक आणि वर गोल, पण त्या टोकाला कंबर लचकली पाहिजे, माझ्या बायका सगळ्या कवायतीला उभ्या. मग डहाणूकडच्या जिव्या सोमा म्हसे यांची चित्रं बघत बसले, 2011 ची पद्मश्री त्यांना, तेव्हा कळलं की आधी एक त्रिकोण जरासा कलता काढायचा आणि दुसरा उलट्या बाजूला, माणूस आपोआप चालायला लागतो. तारपा (फुंकून वाजवायचं वाद्य) नाच मधूनच सुरू केला, तारपावाला मधे आणि भोवती नाचणाऱ्यांची रांग फिरत बाहेर जाते, ती बाहेर जात जात स्विचबोर्डपाशी पोचली. तर तिथे शेवटच्या बाईने पंख्याचं बटण धरलंय असं काढलं. पाहुणे सगळ्यात आधी तिच्याकडे बघतात.

उणे_वीस
आणि घरमालक? डिपॉझिट??

गेरूवाली
आम्ही सोडताना मालक आले, मी रंगाऱ्याचा खर्च द्यायच्या तयारीत. ते बटणवाल्या बाईसमोर बराच वेळ उभे. डिपॉझिट पूर्ण दिलं. महिन्याभराने जाहिरात बघितली, "कलात्मक भिंत", भाडं दोन हजारांनी जास्त.

पावशेर
फ्लॅट अजून रिकामा आहे का? कुठे आहे? पार्किंग आहे?

गेरूवाली
@पावशेर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते. पार्किंग आहे, लिफ्ट नाही.

पावशेर
कितवा मजला