‘के दे झोर्फेव्र’चा शेवट ही फसवणूक आहे का? (रहस्यभेद आहे)

निशाचर:
‘शेवटी कुठला तरी गाडीचोर आणून खुनी ठरवला, शुद्ध फसवणूक’ असं तर्कटांनी काल या १९४७च्या फ्रेंच सिनेमाबद्दल लिहिलं. अहो, गायिका जेनीच्या नवऱ्याची, मोरिसची, गाडी खून झालेल्या म्हाताऱ्या ब्रिन्योंच्या दारातूनच चोरीला जाते ना? चोर तेव्हापासून गोष्टीत आहे! आणि खुनी कोण, हा दिग्दर्शक क्लूझोचा प्रश्नच नाही. जेनीला वाटतं आपण डोक्यात बाटली घातली म्हणून म्हातारा मेला. मोरिस मारायला जातो, तर आधीच प्रेत पडलेलं. मैत्रीण डोरा जेनीसाठी ठसे पुसून येते. चौकशीत तिघंही पिळून निघतात, तो खरा सिनेमा.

तर्कट:
चोर नुसता दारातून गेला म्हणजे धागा झाला? आणि मोरिस कोठडीत मनगट कापून घेतो, तरी नाताळच्या सकाळी इन्स्पेक्टर पोराला घेऊन निघाला की आपण विरघळायचं! सिनेमे करण्यावरची बंदी नुकती उठलेल्या दिग्दर्शकाला पोलिसांना गोंजारावंच लागणार.

पागोळी:
बंदी का होती तेही सांगा. ‘ल कॉर्बो’ (१९४३) हा सिनेमा क्लूझोने काँतिनांतालसाठी केला. जर्मनांच्या पैशातली कंपनी. फ्रान्स जर्मनांच्या ताब्यात असताना त्यांचा पगार घेणाऱ्याचं कौतुक मला जमत नाही.

निशाचर:
‘ल कॉर्बो’त निनावी पत्रांनी गाव पोखरतं, ही गोष्ट जर्मनांच्या सोयीची होती? त्यावर जर्मनधार्जिण्या व्हिशी सरकारवालेही भडकले आणि जर्मनांविरुद्ध लढणारे प्रतिकारवालेही.

पागोळी:
म्हणून पगार धुतला जातो? आणीबाणीत माझे आजोबा सही करेनात म्हणून नोकरीवरून गेले. घरात पाच खाणारी तोंडं होती. ‘पोट होतं’ ही सबब मला ऐकवू नका.

निशाचर:
आजोबांना नमस्कार. पण प्रत्येक धाग्यावर तुम्ही हेच आणता! सिनेमा पाहिलाय का?

पागोळी:
दोनदा. भाषा सांभाळा.

हवालदारपुत्र:
गोंजारलंय कुठे? लुई जुवेने केलेला इन्स्पेक्टर आंत्वान थकलेला, चिडका. वसाहतीतल्या नोकरीतून एक पोर आणि मलेरिया एवढंच घेऊन आलेला. माझे वडील रात्रपाळीहून यायचे तेव्हा बूट न काढताच खाटेवर बसून राहायचे. जुवे तसाच बसतो.

तर्कट:
बरं, जुवे मान्य. गाडीचा धागाही आहे म्हणा, बारीकसा. पण गोळी झाडणाऱ्या चोराला दोन प्रसंग जास्त द्यायला काय जात होतं?

पागोळी:
आणि माझ्या प्रश्नाचं उत्तर अजून कुणी दिलेलं नाही.