मदत हवी आहे: डीएपी मुरलेल्या मातीत मायकोरायझा रुजेल का?

नमस्कार मंडळी, ऐरोलीत आमच्या सोसायटीच्या गच्चीवर वांगी-मिरचीच्या वीसेक ग्रो बॅग आहेत. जूनमध्ये रोपं लावताना मुळांशी चमचाभर मायकोरायझा (मुळांत राहून झाडाला मदत करणारी बुरशी) पावडर घातली. नंतर कळलं, आधी बाग बघणारे काका याच मातीत दर महिन्याला मूठभर डीएपी (डायअमोनियम फॉस्फेट हे रासायनिक खत) टाकायचे! त्यात 46 टक्के स्फुरद (फॉस्फरस, P2O5 या रूपात मोजलेलं).

ही बुरशी झाडाला स्फुरद आणून देते आणि बदल्यात साखर घेते. माझी धास्ती ही, की स्फुरद आयतं मिळालं तर झाड बुरशीला साखर कशाला देईल? स्फुरद कमी पडलं की मुळं स्ट्रिगोलॅक्टोन नावाचं संप्रेरक सोडून बुरशीला साद घालतात. मुबलक असलं की ती सादच मंदावते. नत्रासारखं स्फुरद पाण्याने धुऊनही जात नाही, मातीलाच धरून बसतं.

काल मेलेलं एक वांगं उपटलं. मुळं जाड, तपकिरी, बारीक तंतू जवळजवळ नाहीतच. पण यावरून काहीच ठरत नाही, कारण ही बुरशी मुळाच्या आत असते. मूळ रंगवून सूक्ष्मदर्शकाखालीच दिसते.

जुन्या मातीत निम्मी लाल माती आणि कोकोपीट मिसळू, की एक हंगाम मका घेऊन स्फुरद ओढून घेऊ? मुळा-मोहरी नको, त्यांची या बुरशीशी मैत्रीच नसते. शेणखतातही स्फुरद असतं, तेही थांबवू का?

ठाणे-नवी मुंबईत माती तपासणी कुठे करून मिळते? आणि कुणी वनस्पतीशास्त्र शिकवत असेल तर मुळं दाखवायला घेऊन येईन, कृपया सांगा.