राजापूर, १७८० : ओटी-माजघरामध्ये चिकाचा पडदा असावा का?

नेपथ्यकार:
नाटक ब्राह्मण सावकाराच्या घरातलं. माजघराच्या दाराला चिक (बांबूच्या काड्यांचा पडदा), वर मंगलोरी कौलं, मागे सोवळ्याची वलणी (कपडे वाळत घालायची आडवी काठी किंवा दोरी) असं योजलंय. बरोबर आहे का? आणि आषाढात सोवळं वाळवत कसं?

जांभा:
चिक काढा. गोषा, म्हणजे बायकांनी पडद्याआड राहणं, सावंतवाडीसारख्या मराठा राजघराण्यांतला, सरदारांच्या घरांतला. ब्राह्मण सुवासिनीचं डोकं उघडं, पदर दोन्ही खांद्यांवरून. तिला अडवतो तो उंबरा. ओटीवर परका पुरुष असेल तर ती दाराआडूनच बोलणार, किंवा पोराला पुढे धाडणार. माजघर मधोमध असल्यानं दुपारीही काळोखं. तिथे उजेड दारांतूनच येऊ द्या.

कौलंही बदला. मंगळुरातला बासेल मिशनचा कौलांचा कारखाना १८६५चा. तुमच्या काळाला नळे (अर्धगोल देशी कौलं), नाहीतर गवती छप्पर.

परसदार:
वलणी हाताला लागणार नाही इतकी उंच हवी, सात-आठ फूट. बांबूची करा, दोरीला ओल्या लुगड्याच्या वजनानं झोळ पडतो आणि कापड खाली लोंबून कुणाला तरी शिवतं. शिवलं की ते ओवळं, पुन्हा धुणं आलं.

आंघोळ झाली की लुगडं धुऊन, पिळून, घडी काठीच्या टोकावर घ्यायची, वलणीवर टाकायची आणि काठीनंच सरकवत पसरायची. दुसऱ्या दिवशी न्हाऊन ओलेत्यानंच काठीनं उतरवायची. ही काठी नेपथ्यात दिसलीच पाहिजे.

आषाढात नऊवारी सुती लुगडं दोन दिवसांतही सुकत नाही. कुबट वास येतो, बुरशीचे काळे ठिपके पडतात. चुलीवरच्या उबेला टाकलं तर धुरानं पिवळं पडतं. मग ओलेत्यानंच रांधायचं, नाहीतर लोकरीची धाबळी किंवा रेशमी मुकटा नेसायचा. लोकर आणि रेशीम सुतासारखं सहज विटाळत नाही, रोज धुवावं लागत नाही. पण धाबळी चुलीपुढे अंगाला टोचते, आणि दोन्हींना कसर लागते.

नेपथ्यकार:
घरात विधवा आत्याही आहे. तिला चुलीपाशी दाखवू का?

परसदार:
केशवपन झालेलं असेल तर जरूर. सोवळ्यातला स्वयंपाक बहुतेक तिच्याच गळ्यात पडे. नेसू तांबडं आलवण, काठाशिवाय, डोक्यावरून घेतलेलं. सकेशा दाखवणार असाल तर चुलीपासून लांब ठेवा. तिच्या हातचं सोवळ्यात चालत नसे.