तुमच्या घरचं ताट कसं बदललं? सातारा-सांगलीकरांनो, लिहा

धागा काढणारी, सातारा

दिवाळीनंतर रक्त तपासलं, हिमोग्लोबिन 9.2 निघालं. बाईचं निदान 12 तरी हवं. घरात दूध आहे, मंडईतनं ताजं माळवं येतं, मग कमी पडलं कुठं? डॉक्टरबाईंनी एवढंच विचारलं, "तुम्ही जेवता कधी?" खरं सांगते, मी जेवतच नव्हते, आवरत होते. सगळ्यांचं झालं की कढईच्या कडेला राहिलेली मेथी भाकरीच्या तुकड्यानं पुसून घ्यायची, झालं जेवण. वर लगेच कपभर चहा. त्या चहानं भाजी-डाळीतलं लोह अंगी लागत नाही, हेही तेव्हाच कळलं.

तुमच्याकडं काय झालं ते लिहा. तक्ते नकोत. घरात काय टिकलं आणि काय फसलं तेवढं सांगा. फसलेलं तर आधी सांगा.

कोरेगाव

आमच्या भागातल्या वाघ्या घेवड्याला जीआय, म्हणजे त्या-त्या भागाच्या खास मालाला मिळणारं भौगोलिक मानांकन आहे. त्याचं कौतुक गावभर, पण घेवडा पोत्यानं विकायचा आणि घरात पोरांच्या हातात बिस्किटाचा पुडा, अशी आमची तऱ्हा. धाकटा वर्षाचा होऊन गेला तरी वजन वाढेना. आत्याबाई म्हणायच्या, "डाळीचं पाणी पाज, सगळी ताकद त्यातच असती." मी रोज वरचं निवळ पाणी वाटीत काढायचे, चमच्यानं पाजायचे. तळाची घट्ट डाळ आम्ही मोठी माणसं खायचो. एक दिवस अंगणवाडीच्या ताई घरी आल्या. त्यांनी पळी पातेल्यात खालपर्यंत घातली, वर काढली आणि म्हणाल्या, "हे पोराला द्या, पाणी तुम्ही प्या."

आता घेवडा रात्री भिजत घालते, ते पाणी टाकून देते आणि बोटानं चिरडेपर्यंत शिजवते. कच्चट राहिला तर पोट बिघडतं, तिथं घाई करू नका. चिरडून भातात कालवायचा, वर तूप. आत्याबाईंना अजून पटलेलं नाही. पण परवा त्याच नातवाला भरवत होत्या आणि पळी तळापर्यंत गेली होती.

सांगली, लांब पल्ल्याची गाडी चालवतो

मी गोड खात नाही. निदान माझी तशी समजूत होती. तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी रक्ततपासणी (HbA1c) केली, 6.3 टक्के आली. 6.5 ला मधुमेह धरतात, म्हणजे मी उंबऱ्यावर.

लेक बारावीला आहे. सुट्टीच्या दिवशी तिनं गंमत केली. मी चहा मागितला की कपात जेवढी साखर घालायची, तेवढीच ती एका स्टीलच्या डब्यात टाकायची. मला पत्ता नाही. रात्री डबा पुढं ठेवला आणि म्हणाली, "पप्पा, हे आज तुम्ही खाल्लं." आठ चहा, दोन-दोन चमचे. शेजारच्या दुकानात काट्यावर ठेवलं, 80 ग्रॅमला थोडं कमी भरलं. जागतिक आरोग्य संघटना म्हणते 25 च्या आत राहिलात तर उत्तम. घरचे सगळे बघत होते, मला डबा उचलून आत ठेवायचीही लाज वाटली.

आता तीन चहा, अर्धा-अर्धा चमचा. धाब्यावर आधी ओरडून सांगावं लागतं, नाहीतर पाकच येतो. भडंग मात्र सुटलेलं नाही. खोटं कशाला बोलू.

विटा

फसलेलं मागितलंय, तर घ्या. 2023 ला भरडधान्य वर्षाचा गाजावाजा झाला, तेव्हा मी राळं, कोदो, वरई सगळं किलो-किलो आणलं. पहिल्या दिवशी राळ्याची खिचडी. सासऱ्यांनी दोन घास घेतले आणि म्हणाले, "बाहत्तरच्या दुष्काळात सुकडी खाल्ली, त्यानंतर आज." डबे तसेच राहिले, पावसाळ्यात किडे झाले.

नंतर डोक्यात आलं की शाळू आणि बाजरीही भरडधान्यच, अन् ती घरात पोत्यात भरलेली. पोरं चपातीवर गेली होती तेवढंच. आता रात्री भाकरीच, चपाती सकाळच्या डब्यापुरती.

दहिवडी

ताई, माण तालुक्यात हुलग्याचं माडगं आहे, तुम्ही राळ्याच्या मागं कशाला लागलात? थंडीत गरमागरम वाटीभर, लसणीची फोडणी. बास.

मिरज

आमच्या ह्यांना बीपी आहे. मीठ कमी केलं, पापड बंद, लोणचं बंद, तरी आकडा खाली येईना. मग ध्यानात आलं, उन्हाळ्यात डंकावर चटणी कुटतो त्यात मीठ घातलेलंच असतं. कालवणात दोन चमचे चटणी आणि वर सवयीनं चिमूटभर मीठ. माणशी दिवसाला पाच ग्रॅम, म्हणजे सपाट एक चमचा मीठ, इथंच संपत होतं. यंदा चटणी बिनमिठाची केली. टिकते का अशी धास्ती होती. मिरच्या कडकडीत वाळवल्या, बरणी कोरडी ठेवली, अजून तरी बुरशी नाही. गोळी चालूच आहे, ती आपल्या मनानं बंद करायची नसते.

तासगाव

घरचा बेदाणा. पोरीला साखरेऐवजी मूठ-मूठ द्यायचो, पौष्टिक म्हणून. दातांच्या डॉक्टरांनी दाढ दाखवली, दोन ठिकाणी कीड. बेदाणा दाताला चिकटतो आणि साखर त्यातही भरपूर. आता आठ-दहा मणुके, ते पण जेवणाबरोबर, वर चूळ.

कराड

पण गूळ चालतो ना? गूळ म्हणजे लोह.

सांगली, लांब पल्ल्याची गाडी चालवतो

दादा, मीही तेच म्हणायचो. लेकीनं गुळाचा पण डबा केला असता. त्यातलं लोह मिळवायचं म्हटलं तर किती गूळ खावा लागेल, हिशोब करा.

धागा काढणारी, सातारा

सगळ्यांचं वाचलं. माझं सांगते. डॉक्टरबाईंनी लोहाच्या गोळ्या दिल्या आणि भाजी-डाळीवर लिंबू पिळायला सांगितलं, त्यानं लोह चांगलं शोषलं जातं. तीन महिन्यांनी 11.1. लिंबू सोपं होतं. अवघड होतं ते सगळ्यांबरोबर ताट वाढून बसणं. पहिल्या दिवशी तिसऱ्या घासाला उठले, कोणाला तरी भाकरी हवी होती. आता भाकऱ्या आधी करून फडक्यात गुंडाळून दुरडीत ठेवते. मधेच मागितली तर दुरडीकडं बोट दाखवते.

काल जेवण झाल्यावर मामंजींनी नेहमीसारखी हाक मारली, "चहा ठेवलास का गं?" धाकट्यानंच आतनं उत्तर दिलं, "तासाभरानं, आजोबा. आई अजून जेवतीय."