मोकळ्या प्लॉटची सफाई पालिकेनं करून बिल मालकाला लावावं का?

दुधनाकाठ
पाऊस लागला की आमच्या कॉलनीतल्या मोकळ्या प्लॉटांचं जंगल होतं. कमरेएवढं गाजर गवत, कडेनं वेडी बाभूळ, मधे टायर, नारळाच्या कवट्या, शहाळी. मालक पुण्या-मुंबईला, भाव चढायची वाट बघत बसलेले. माझं मत सरळ आहे. नोटीस द्या, मुदत द्या, नाही ऐकलं तर जेसीबी लावा आणि खर्च मालमत्ता करात जोडा. नवा कायदा लागत नाही, 1949 च्या महापालिका अधिनियमात मालकानं न केलेलं काम करून खर्च वसूल करायची सोय आहे.

पुणेकर_झालेला
तो पुण्यातला मालक मीच समजा. प्लॉट पोरीच्या शिक्षणासाठी ठेवलाय. तारेचं कुंपण केलं होतं, खांबासकट गेलं. शेजारी दोन घरं बांधली, सगळा मलबा माझ्या प्लॉटवर. रोज सकाळी गाडीवरून पिशवी भिरकावणारे कॉलनीतलेच. घाण करणारा मोकळा आणि बिल मला?

दुधनाकाठ
कोणी टाकलं ते शोधेपर्यंत आमच्या लेकरांनी सलाईन लावून बसायचं का? भाव वाढला तर कॉलनीला वाटा देणार आहात का?

जुना_वसुलीवाला
उभी नोकरी वसुलीत गेली, म्हणून बोलतो. तुम्ही मालक-मालक करता, तो सापडतो कुठं? कितीतरी वस्त्या गुंठेवारीच्या, म्हणजे शेतजमिनीचे गुंठ्या-गुंठ्यानं तुकडे पाडून विकलेल्या. शंभराच्या बाँडवर एकच प्लॉट तीनदा विकलेला, सातबारा मात्र मूळ शेतकऱ्याच्या नावावर, आणि तो कधीच वारलेला. गुंठेवारी नियमित करायचा कायदा 2001 चा, पण पैसे भरून नियमित करून घेतलंय किती जणांनी? त्यात निजामाच्या वेळच्या इनामी जमिनींचे वाद वेगळेच. मग नोटीस प्लॉटवरच चिकटवायची, पंचनामा करायचा, बिल मालमत्ता क्रमांकावर टाकायचं. थकलं की महिन्याला 2 टक्के शास्ती, म्हणजे दंड. पुढं अभय योजना येते, शास्ती माफ, आणि वेळेवर भरणारा येडा ठरतो. तरी माझा विरोध नाही. रजिस्ट्रीच्या प्लॉटवाला विकताना बेबाकीसाठी, म्हणजे थकबाकी नसल्याच्या दाखल्यासाठी येतोच, तिथं बरोबर अडकतो. बाँडवाल्याला तीही लागत नाही, हे खरं दुखणं.

मोंढ्यातला
आधी पालिकेलाच बिल लावा राव. लेआउटमधल्या बाग-मैदानासाठी सोडलेल्या ओपन स्पेस कुणाच्या ताब्यात आहेत? जाऊन बघा एकदा. 2018 मध्ये कचरा डेपोच्या त्रासानं नारेगावच्या लोकांनी कचऱ्याच्या गाड्या अडवल्या, तेव्हा औरंगाबादेत महिनोन्‌महिने रस्त्यावर ढीग होते. ते बिल कुणाच्या घरपट्टीत गेलं? आणि डेंग्यूचा डास गटारात वाढत नाही, साठवलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. नळ आठवड्यानं येतो म्हणून घराघरात ड्रम भरलेले. प्लॉटवाल्याच्या नावानं कशाला ओरडता?

दुधनाकाठ
टायरात न कवटीत साचलेलं पावसाचं पाणीही स्वच्छच असतं. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात, म्हणून वर्षातून एकदा जेसीबी फिरवून भागणार नाही हे कबूल. ओपन स्पेसचंही कबूल. पण पालिका चुकते म्हणून मालकाला सूट, हे काही पटत नाही. पुणेकरांनी मलबा टाकणाऱ्यांची लेखी तक्रार आधीच दिली असेल, तर पहिल्या वेळी बिल लावू नये, इथपर्यंत मी येतो.

पुणेकर_झालेला
तक्रार दिली आहे, पोहोचही आहे. आणि दराचं काय? मी गडी लावला तर थोडक्यात उरकतं. ठेकेदार दीड तास मशीन चालवून पाच तास लावणार.

जुना_वसुलीवाला
ती शंका रास्त आहे. बिलासोबत सफाईआधीचे-नंतरचे फोटो मागा, मशीनचे तास मागा. एमबीत, म्हणजे कामाच्या मोजमाप वहीत काय नोंदवलंय ते माहितीच्या अधिकारात मिळतं. नोटीस येईपर्यंत थांबू नका मात्र, गडी आत्ताच लावा. गवत फुलावर यायच्या आत उपटलं तरच उपयोग.

मोंढ्यातला
आणि ओपन स्पेसमधलं गवत कुणी उपटायचं?