फार्म.डी.च्या शेवटच्या वर्षात पेलवेल असा संशोधन-प्रश्न कसा निवडावा?

प्रश्नकर्ती, नागपूर:
मी फार्म.डी. या फार्मसीच्या सहा वर्षांच्या अभ्यासक्रमाच्या सहाव्या वर्षाला आहे. मेडिसिनचे सहा महिने संपत आले असून पुढे तीन विभागांत प्रत्येकी दोन महिने काढायचे आहेत. विदर्भात सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराचे रुग्ण बरेच असल्याने त्यावरील औषधाचा, म्हणजे ‘हायड्रॉक्सीयुरियाची परिणामकारकता’ हा विषय मी सुचवला होता, परंतु तो झेपणार नाही असे गाइड म्हणतात. तो लहान कसा करावा?

माजी रेसिडेंट:
गाइडचे म्हणणे योग्य आहे. या औषधाची मात्रा हळूहळू वाढवावी लागते आणि वेदनेचे झटके कमी झाले की नाही हे कळायला कित्येक महिने जातात. तोवर तुमची पोस्टिंग संपलेली असेल. त्याऐवजी औषध कसे दिले जाते हे तपासा. प्रौढांत सुरुवात साधारणपणे दर किलो वजनामागे रोज १५ मिलिग्रॅमने होते आणि रक्तपेशी घटण्याचा धोका असल्यामुळे सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) वारंवार करावी लागते. भरती झालेल्या रुग्णांत या दोन्ही गोष्टी पाळल्या गेल्या का, एवढा प्रश्न पुरेसा आहे.

वॉर्ड फार्मासिस्ट:
मात्र त्याआधी रेकॉर्ड रूममध्ये बसून वीस जुने केसपेपर उघडून पाहा. मूत्रपिंडाच्या कार्यानुसार अँटिबायोटिकची मात्रा बदलली जाते का, हा माझा विषय होता. क्रिएटिनीन (मूत्रपिंडाचे कार्य दाखवणारी रक्तचाचणी) प्रत्येक कागदावर सापडले, परंतु त्यावरून मूत्रपिंडाच्या कार्याचा अंदाज काढणाऱ्या कॉकक्रॉफ्ट-गॉल्ट सूत्राला लागणारे वजन बहुतेकांवर नव्हतेच (पलंगाला खिळलेल्या रुग्णाला काट्यावर उभे करणार कोण?). शेवटी नव्या रुग्णांची माहिती गोळा करायचे ठरवले, आराखडा बदलून एथिक्स कमिटीकडे (संशोधनाला परवानगी देणारी समिती) पुन्हा पाठवला आणि त्यात दीड महिना गेला.

माजी रेसिडेंट:
हे मान्य. शिवाय केवळ जुने कागद पाहायचे असले तरी कमिटीकडे अर्ज करावाच लागतो. सूट द्यायची की नाही हे कमिटीच ठरवते.

प्रश्नकर्ती:
आज वीस कागद पाहिले. सीबीसी जवळजवळ सर्वांवर आहे, वजन निम्म्यांवरही नाही. म्हणून मात्रेचा भाग वगळते आणि ‘भरती होण्यापूर्वीच्या तीन महिन्यांत हायड्रॉक्सीयुरिया घेणाऱ्या किती प्रौढ रुग्णांची सीबीसी झाली होती’ एवढेच विचारते. जुने बाह्यरुग्ण कार्ड रुग्णांजवळ असते का, ते उद्या वॉर्डात पाहीन.